मॅनाटी आजारी पडते आहे हे आधी कशावरून कळतं? (म्हशींच्या डॉक्टरचा प्रश्न)

दांडियाबाजारची (बडोदा)

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्य आहे. आणंदला शिकले आणि गेली चार वर्षं पादरा-डभोईकडच्या गावांत गायी-म्हशी बघते. नोव्हेंबरपासून सहा महिन्यांसाठी परदेशातल्या एका मत्स्यालयात मदतनीस डॉक्टर म्हणून जाते आहे. तिथे तीन मॅनाटी आहेत, तिघीही माद्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मॅनाटी हा जन्मभर पाण्यात राहून पाला खाणारा सस्तन प्राणी. आपल्या कच्छच्या आखातातल्या डुगाँगचा चुलतभाऊ आणि लांबच्या नात्यानं हत्तीचा. शेपूट गोल, मोठ्या उलथन्यासारखी. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला पहिलं काम नेमून दिलंय ते म्हणजे तिघींच्या तब्येतीची रोजची नोंद.

मला काळजी कसली वाटते ते सांगते. मागच्या वर्षी पादऱ्याजवळच्या एका गावात सुरती म्हैस बघायला गेले होते. दूध थोडं कमी झालं होतं, ताप नव्हता, चाऱ्याला तोंड लावत होती. मी तपासलं, पोटाचं औषध दिलं आणि स्कूटरला किक मारली. तेवढ्यात ओट्यावरची आजी म्हणाली, "बेन, आ वागोळती नथी." रवंथ करत नाहीये. मी मान डोलावली आणि निघाले. पाचव्या दिवशी पुन्हा बोलावलं तेव्हा म्हशीच्या गळ्याखाली सूज उतरली होती. चाऱ्यातून गेलेली तार जाळीच्या पोटातून (म्हशीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एक) हृदयापर्यंत पोचली होती. म्हैस गेली. आजीचं ते वाक्य मी त्या दिवशी लिहून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी परत गेले असते, तर काय झालं असतं, हा विचार अजून सुटत नाही.

म्हशीचं मला कळतं. कान, मुसकटावरचा ओलावा, रवंथ, शेण, उठण्याबसण्याची तऱ्हा. मॅनाटी रवंथ करत नाही, तिला बाहेरचे कान नाहीत, आणि तासन्तास तळाशी ओंडक्यासारखी पडून राहते. निरोगी असली तरी तशीच आणि आजारी असली तरी तशीच. मग मी रोज काय बघू? रक्त कुठून आणि किती वेळा काढतात? पुस्तकं वाचली आहेत, पण या प्राण्याबरोबर दिवस काढलेल्या माणसाकडून ऐकायचं आहे. डॉक्टर नसाल तरी चालेल.

---

विश्वामित्रीकाठ (बडोदा, कारेलीबाग)

बेटा, तुला 'तू' म्हणतो, माझं वय 68 आहे. मी डॉक्टर नाही. परदेशातल्या एका मत्स्यालयात 14 वर्षं मॅनाटींकडे होतो. भाजी धुवायची, टाकी घासायची आणि बघत बसायचं. या तिन्हींत बघत बसणं सगळ्यात अवघड.

त्या आजीबद्दल लिहिलंस म्हणून सविस्तर लिहायला बसलो. ती जे करत होती, तेच तुला तिथे करायचं आहे.

आधी वहीचं सांगतो. तुला छापील तक्ता देतील. श्वास, खाणं, शेण, वागणूक अशी घरं असतील. त्या घरांत 'ठीक' हा शब्द कधी लिहू नकोस. आकडा लिही, नाहीतर डोळ्यांना जे दिसलं ते लिही. 'ठीक' हे बघणाऱ्याचं मत झालं. त्यावरून आठवड्यानंतर कोणाला काही शोधून काढता येत नाही.

हे मी कसं शिकलो ते ऐक. आमच्याकडेही तिघी होत्या. थोरली, मधली, धाकटी असंच मी म्हणायचो. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी 10 दिवस बडोद्याला आलो होतो. परत गेलो, वही उघडली, तर थोरलीच्या घरात दहाही दिवस 'ठीक'. टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. ती डाव्या कुशीवर कलून तरंगत होती. फार नाही, चार बोटं. लेट्यूस सगळा खात होती, हाक मारली की येत होती. घड्याळ लावलं तर दर दोन मिनिटांनी नाक वर. माझ्या जुन्या पानांत पडून असतानाचं तिचं अंतर 8 ते 12 मिनिटांचं होतं. म्हणजे दुखणं त्या दहा दिवसांत कुठेतरी सुरू झालं होतं, पण कधी, ते एकालाही सांगता येईना. लिहिणारा मुलगा कामचुकार नव्हता. ती खात होती, म्हणून तो 'ठीक' लिहीत होता.

रक्त काढलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नेहमीएवढ्याच. या प्राण्यात आत मोठी जखम पिकली तरी पांढऱ्या पेशी फारशा चढत नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांकडून मी बऱ्याचदा ऐकलं होतं. त्यांनी सिरम अमायलॉइड ए या रक्तातल्या प्रथिनाची तपासणीही पाठवली होती, ते मात्र खूप वर गेलं होतं. दाह ओळखायला मॅनाटीत त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मग सोनोग्राफी केली. डाव्या फुप्फुसाच्या बाजूला पू.

आता ती कलली का, हे नीट समजून घे, कारण त्यावर तुझं निम्मं काम उभं आहे. मॅनाटीची फुप्फुसं आपल्यासारखी छातीत उभी नसतात. पाठीखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना, लांबच लांब आडवी पसरलेली असतात. श्वासपटलही एक नसून दोन असतात, प्रत्येक फुप्फुसाला आपापलं. त्यामुळे एका बाजूला पू झाला, हवा साठली, फासळी मोडली, की त्याच बाजूचा तोल जातो. पोटात वायू धरला तर मागचा भाग वर उचलला जातो आणि तिला खाली जाता येत नाही. म्हणून ती पाण्यात कशी पडलीय हे रोज लिहायचं. सरळ आहे का, कुठली कूस खाली आहे, शेपूट डोक्याच्या पातळीत आहे का. मी वहीत रोज एक आडवी रेघ काढायचो, ती जेवढी कललेली तेवढीच तिरकी. चित्र लवकर वाचता येतं.

श्वासासाठी अर्धा तास बस. सकाळी पहिलं खाणं टाकायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा संध्याकाळी. वेळ बदलू नकोस. प्रत्येक श्वासाची वेळ लिही, सरासरी घरी जाऊन काढ. निवांत पडलेली मॅनाटी 20 मिनिटांपर्यंतही खाली राहू शकते, हिंडताना मात्र थोड्या थोड्या मिनिटांनी वर येते, म्हणून आकड्याच्या शेजारी ती काय करत होती ते हवंच. आवाजही ऐक. निरोगी श्वास छोटा आणि कोरडा असतो, फुस् आणि लगेच नाकपुड्यांच्या झडपा बंद. घरघर, नाकातून चिकट पाणी, श्वासाला वास, यातलं काही असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना सांग. संध्याकाळच्या बैठकीची वाट बघू नकोस.

खाण्याचं एकच सांगतो: टाकलेलं सगळेच मोजतात, तू उरलेलं मोज. जाळीवर पाणी निथळू दे, मग वजन कर. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के पाला हा प्राणी खातो. लेट्यूसमध्ये जवळजवळ पाणीच असतं, म्हणून सुकं गवत आणि गोळ्यांचं खाद्यही देतात. तिघी एकत्र खात असतील तर एकीचा उपास दुसरीच्या हावरेपणामागे झाकला जातो. म्हणून दिवसातून एकदा प्रत्येकीला वेगळं, हातानं भरव. वरचा ओठ दोन भागांत फाटलेला असतो आणि ते दोन भाग चिमट्यासारखे पान धरतात. पान धरून सोडून दिलं, एकाच बाजूनं चघळलं, तर ते लिही.

शेणाबद्दल तुला जास्त सांगायला नको, तू म्हशींची डॉक्टर आहेस. फक्त एक फरक लक्षात ठेव. म्हैस कोठ्यात आंबवते, मॅनाटी घोड्यासारखी मागच्या आतड्यात आंबवते. आतडं प्रचंड लांब, आणि घास आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत आठवड्याच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे आज दिसतं ते मागच्या आठवड्यातलं जेवण. खाणं बंद केलेली मॅनाटीसुद्धा काही दिवस शेण टाकत राहते आणि बघणाऱ्याला वाटतं की पोट चालू आहे. बद्धकोष्ठ या प्राण्याला सहज होतं आणि त्यातून जिवावर बेततं. कुठल्या दिवशी किती, कसं, हे पंधरा दिवस मागे उलटून बघता आलं पाहिजे.

थोरलीला सात आठवडे औषध चाललं. अँटिबायोटिकनं पोट बिघडलं, पातळ व्हायला लागलं. तेव्हा धाकटीचं ताजं शेण कोमट पाण्यात कालवून, गाळून, नळीनं तिच्या पोटात दिलं. निरोगी म्हशीच्या कोठ्यातलं पाणी तू आजारी म्हशीला पाजतेस ना, अगदी तेच. पाचव्या दिवशी घट्ट झालं. त्या दिवशी मी वहीत शेणाचं वजन लिहिताना हात थरथरत होता. ती वाचली.

बारीक होण्याची खूण आधी मानेवर दिसते. मॅनाटीला मान अशी दिसतच नाही, डोकं थेट धडात शिरतं. डोक्यामागे खळगा दिसायला लागला, डोकं भुईमुगाच्या शेंगेच्या टोकासारखं वेगळं उठून आलं, की चरबी गेली समज. पोट खालून बघ, काचेतून दिसतं. भरलेलं असलं पाहिजे. लांबट घड्या पडून आत ओढलं गेलं असेल तर वाईट.

आणि ज्यांना घाबरायचं नाही तेही सांगतो. बुबुळावर बारीक रक्तवाहिन्या दिसतील. म्हशीत दिसल्या असत्या तर तू डोळ्यात औषध घातलं असतंस. मॅनाटीत त्या मुळातच असतात. टाकीच्या तळाशी दाढ सापडेल. हिच्या दाढा मागून नव्या येतात, सरकत सरकत पुढे येतात आणि पुढची गळून पडते, जन्मभर हेच चालतं. मी पहिली दाढ सापडली तेव्हा धावत डॉक्टरांकडे गेलो होतो, ती अजून माझ्या देव्हाऱ्याशेजारच्या डबीत आहे.

रक्ताबद्दल थोडं. वरून दिसणारी, बोटाला लागणारी शीर या प्राण्याला नाही. पुढच्या वल्ह्यात, कोपराखालच्या दोन हाडांच्या मधे, रोहिणी आणि नीला यांचं एक जाळं असतं, त्यात सुई घालतात. चामडी जाड आणि खरबरीत, शेवाळं धरणारी, म्हणून धुण्यात घाई करायची नाही. आमच्या तिघी वल्हं काठावर ठेवून स्थिर राहायला शिकल्या होत्या. बीटाच्या फोडी आणि एक वर्षाचा धीर लागला. शिकवलेली मॅनाटी पाण्यातच रक्त देते. न शिकवलेलीला टाकीतलं पाणी उतरवून पाच-सहा माणसांनी धरावं लागतं, आणि त्या झटापटीनं रक्तातले काही आकडेही बदलतात. किती वेळा काढायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. तुझं काम, कधी काढायला हवं हे वहीवरून सांगणं.

---

रावपुऱ्यातली लॅब (बडोदा)

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये 19 वर्षं स्लाइड बघते. माणसांच्याच, पण मधे काही वर्षं कॉलेजातल्या सशांच्या आणि गिनिपिगांच्याही बघितल्या. म्हणून एक सांगावंसं वाटलं.

मॅनाटीच्या पांढऱ्या पेशींत आपल्या न्यूट्रोफिलच्या जागी हेटरोफिल असतात, हत्तीसारख्या, सशासारख्या. त्यांच्यातले कण लालसर रंगतात. माणसासाठी बनवलेलं मशीन त्यांना भलत्याच खान्यात टाकतं. रिपोर्टवर इओसिनोफिल (जंत झाले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरमसाट दिसले आणि तुम्ही जंताचं औषध काढलं, असं होऊ शकतं. तिथलं मशीन प्राण्यांसाठी लावलेलं असेलही, तरी रक्त काढल्याबरोबर दोन स्लाइड स्वतः ओढा, वाळवा, आणि डोळ्यांनी शंभर पेशी मोजा. हात बसायला पंधरा दिवस लागतात. जायच्या आधी शिकायचं असेल तर दुपारी तीननंतर आमच्याकडे गर्दी नसते, या.

दुसरं, तांबड्या पेशी. त्या माणसाच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात आणि संख्येनं कमी. संख्या बघून 'ॲनिमिया' म्हणू नका, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा किती) बघा. आणि पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच प्राण्याचा, तो धडधाकट असतानाचा आकडा जवळ ठेवा. आमच्याकडे एक आजोबा येतात, त्यांचं हिमोग्लोबिन कायम 11 असतं. त्यांचं 11 म्हणजे काही नाही, पण त्यांच्या मुलाचं 11 झालं तेव्हा आम्ही फोन करून बोलावून घेतलं होतं.

---

गोरव्याचा वाचक

सगळं वाचलं. मनापासून एक विचारतो. असा प्राणी टाकीत ठेवायचाच कशाला? आजारी पडणार, मग सुया, सोनोग्राफी. समुद्रात असता तर हे काहीच लागलं नसतं.

---

विश्वामित्रीकाठ

गोरवेकर, तुमचा प्रश्न मी पहिली दोन वर्षं रोज स्वतःला विचारायचो.

समुद्रात त्याला काय होतं ते आधी सांगतो. फ्लोरिडात बोटींच्या पंख्यांनी पाठ चिरलेल्या मॅनाटी इतक्या आहेत की त्या व्रणांवरूनच अभ्यासक एकेकीला ओळखतात. पाणी 20 अंशांच्या खाली राहिलं की त्यांना थंडी बाधते, चामडीवर फोड येतात, आतडी थांबतात. समुद्रात विषारी शैवाल माजलं की झटके येतात, नाक पाण्यावर धरता येत नाही आणि त्या बुडतात. 2021 या एका वर्षात फ्लोरिडात 1,100 च्या आसपास मेल्या. त्यातल्या कितीतरी भुकेनं, कारण माणसाच्या सांडपाण्यानं पाणी गढूळ होऊन इंडियन रिव्हर लगूनमधलं समुद्रगवत मेलं होतं. पुढच्या दोन हिवाळ्यांत तिथल्या सरकारी खात्यांनी जंगली मॅनाटींना लेट्यूस टाकला.

अशा वेळी अर्धमेली सापडलेली मॅनाटी कुठेतरी नेऊन जगवावी लागते. बोटीनं आई मारलेलं पिल्लू बाटलीनं वाढवावं लागतं. मॅनाटीचे सड बगलेत असतात, म्हणून काही जण बाटली तशीच बगलेखालून धरतात. उपाशी आलेलीला भसाभसा खायला घातलं तर रक्तातले क्षार कोसळून ती मरते, हळूहळू वाढवावं लागतं. हे सगळं कसं करायचं हे माणसाला कशावरून कळलं? टाकीतल्या मॅनाटी वर्षानुवर्षं मोजून, तोलून, रक्त बघूनच. बऱ्या झालेल्या परत सोडतात. ज्यांना सोडता येत नाही त्या राहतात. आमच्या तिघी बंदिस्तातच जन्मलेल्या होत्या, त्यांना समुद्र माहीतच नव्हता. त्यांच्यासाठी वाईट वाटायचं का? हो, वाटायचं. मला वाईट वाटायचं तेवढीच माझी वही बारकाईनं लिहिली जायची.

---

ओखा-जामनगर

मी मूळचा बडोद्याचा, वाडीतला. नोकरीनं जामनगरला. आमच्याकडे 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि कच्छच्या आखातात डुगाँग आहेत, थोडे, पण आहेत. मी स्वतः जिवंत बघितलेला नाही. मच्छीमारांकडून ऐकतो. जाळ्यात अडकला की तो पाण्याखाली गुदमरेल असं कोणाला वाटत नाही. उलट 'पाण्यातच तर आहे' म्हणून जाळं ओढायला वेळ लावतात. काका, तुमचं श्वासाचं गणित त्यांना सांगता येईल का?

---

विश्वामित्रीकाठ

नक्की सांगा. त्याला नाकानं हवा घ्यावी लागते, जाळ्यात खाली अडकला तर तो बुडून मरतो. जाळं कापायचं, आधी डोकं पाण्याबाहेर आणायचं. डुगाँग मॅनाटीएवढाही वेळ खाली राहत नाही, आणि घाबरला की त्याहून कमी. कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. होडीत घ्यायचा नाही, घरी आणायचा नाही, सोडून वनखात्याला कळवायचं. कापलेल्या जाळ्याचं नुकसान मोठं असतं हे मला कळतं. पण तुम्ही त्यांच्यातले आहात, तुमचं ऐकतील.

---

दांडियाबाजारची

काका, लॅबवाल्या ताई, काय म्हणू? तुमचं उत्तर मी दोनदा वहीत उतरवून काढलं. लॅबमध्ये गुरुवारपासून येते.

दोन गोष्टी राहिल्या. वजन कसं करता? आणि दुसरं, टाकीपाशी अर्धा तास फक्त बघत बसायची मला सवय नाही. माझा दिवस म्हणजे एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात. दहा मिनिटांत निदान, इंजेक्शन, पुढे.

---

विश्वामित्रीकाठ

वजनाला झोळी लागते आणि वर तराजू लावलेली क्रेन. पाणी उतरवून, झोळी खालून सरकवून उचलतात आणि जाड फोमवर ठेवतात. आमच्याकडे त्याच वेळी टेपही लावायचो, बगलेमागे, बेंबीवर, शेपटीच्या मुळाशी. वजनाचा आकडा गेल्या वेळेपेक्षा बरा असला तरी बेंबीवरचा घेर कमी झाला असेल तर तोच आधी सांगायचा. बाहेर असताना एका माणसाचं काम फक्त श्वास मोजायचं. नाक उघडलं की तो मोठ्यानं 'श्वास' म्हणतो आणि दुसरा वेळ लिहितो. फार वेळ श्वास घेतला नाही तर तोंडावर पाणी ओतायचं, बहुतेक वेळा लगेच घेते. अंग ओलं ठेवायचं. शेपटीच्या टप्प्यात उभी राहू नकोस, पाचशे किलोचा प्राणी आहे, शेपटीच्या एका फटक्यात पाय मोडतो.

आणि टाकीही तपासायची. फ्लोरिडात ब्रॅडेंटनला स्नूटी नावाचा मॅनाटी होता, 21 जुलै 1948 ला जन्मलेला. वयाची 69 वर्षं पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, 23 जुलै 2017 ला तो गेला. आजारानं नाही. टाकीतल्या नळांकडे जाणारं एक झाकण निघालं होतं, त्यातून आत शिरला आणि बाहेर येता आलं नाही. ती बातमी आली त्या दिवसापासून मी रोज सकाळी आमच्या टाकीची झाकणं हातानं दाबून बघायला लागलो. तुझ्या तक्त्यात ते घर नसेल तर स्वतः आखून घे.

बघत बसायचं म्हणशील तर नोव्हेंबरला अजून वेळ आहे. सूरसागरच्या कठड्याशी जा, सकाळी साडेसहाला, माणसं कमी असताना. तळ्यात कासवं आहेत, श्वासाला नाक वर काढतात. अर्धा तास उभी राहा, फोन पिशवीत ठेव, प्रत्येक नाकाची वेळ लिही. आठ दिवसांनी मला इथेच सांग.

---

दांडियाबाजारची

काका, आठ दिवस झाले.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चार नाकं दिसली आणि मी अकराव्या मिनिटाला फोन काढला. तिसऱ्या दिवशी नऊ दिसली. कालच्या दिवशी सतरा. कासवं वाढली नसणार. आधी मला फक्त पाणी फुटलेलं दिसायचं, आता नाकाचं टोक दिसतं, आणि ते वर यायच्या आधी पाण्याला येणारा किंचित फुगाही.

पण एक अडचण आली. सतरा श्वास लिहिले, ते किती कासवांचे ते मला माहीत नाही. एकाचे पाच असतील, किंवा पाच जणांचे एकेक. म्हणजे माझी वही भरलेली आहे आणि तरी एकाही कासवाबद्दल मला काही सांगता येत नाही. तिघी मॅनाटी एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या असतील तर तिथेही हेच होणार ना?

आणखी एक. काल परत येताना पादऱ्याच्या त्या घरी गेले होते. आजीला विचारलं, रवंथ थांबली हे तुम्हाला कसं कळलं. म्हणाली, रात्री झोपताना आवाज येतो, त्या रात्री आला नाही.

---

विश्वामित्रीकाठ

बेटा, हा प्रश्न तुझा तुला पडावा म्हणूनच सूरसागरला पाठवलं होतं.

पहिले तीन दिवस तिथे मत्स्यालयात श्वास लिहूच नकोस. प्रत्येकीचं चित्र काढ, वरून एक, डाव्या-उजव्या कुशीचं एकेक. शेपटीच्या कडेला खाच आहे का, वल्ह्याच्या कुठल्या बाजूला नख तुटलंय, पाठीवर पांढरा व्रण कुठे. चित्रकला येत नसली तरी काढ, फोटोत नजर थांबत नाही. आमच्या मधलीच्या उजव्या वल्ह्यावर तीनच नखं होती आणि धाकटीच्या शेपटीला डावीकडे रुपयाएवढी खाच. थोरलीला काहीच खूण नव्हती, तिला तिच्या फुस् वरून ओळखायचो, जरा लांब होता. पाठ करून असतानाही कळायचं.

आजीनं आवाज सांगितला तो वहीत लिहिलास ना? तारीख घालून लिही.